पेवातला श्वास

कार्बनला कुणी नावं ठेवली की मला राग येतो. घरातले हसतात, पण येतो. परवा माझी नात शाळेतून बक्षीस मिळालेलं चित्र घेऊन आली. पृथ्वीच्या उरावर बसलेला काळाकुट्ट राक्षस, डोक्यावर शिंगं, आणि पोटावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं 'कार्बन'. चित्र सुरेख होतं, खोटं कशाला बोलू. पण मी म्हटलं, "अगं, हा राक्षस तुझ्या ह्या कागदात आहे, सकाळच्या भाकरीत होता, तुझ्या वेणीत आहे. त्याला काढून टाकलं तर तू पाणी आणि चिमूटभर मीठ एवढीच शिल्लक राहशील." तिनं आईकडे बघून डोळे फिरवले आणि म्हणाली, "आजी, तू रिटायर झालीयेस." तिचंही बरोबर आहे. जन्मभर सोलापुरात विज्ञान शिकवलं, ती खोड आता कुठून जायची. पण कार्बनची आणि माझी ओळख पुस्तकात झाली नाही. तो आमच्या दारातल्या पेवातून वर आला, आणि आला तो माझ्या दिनाकाकाचा जीव घ्यायलाच आला होता. तरीसुद्धा मी त्याची बाजू घेते. का, ते सांगायचं तर माढ्याच्या बाजूच्या आमच्या गावी, आमच्या अंगणात जावं लागेल.

'कोचिंग क्लासचं पेव फुटलंय' असं हल्ली सगळेच म्हणतात, पण म्हणणाऱ्यातल्या दहांतल्या नऊजणांनी पेव पाहिलेलं नसतं. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं धान्याचं कोठार. वरून माणूस जेमतेम आत सरकेल एवढंच तोंड, आणि खाली गेलं की रांजणासारखं फुगलेलं पोट, दीड-दोन पुरुष खोल. आतून शेणानं सारवायचं, तळाला आणि कडेनं कडबा लावायचा, मध्ये ज्वारी ओतायची, वर फरशी ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. की मग वरून पोरं खेळोत नाहीतर बैलगाडी जावो. उंदीर नाही, किडा नाही, चोर नाही. ज्वारी वर्षानुवर्षं तशीच. पेवातल्या ज्वारीला एक आंबूस, उबट वास येतो. ज्यांना सवय नाही ते नाक मुरडतात. मला अजून तो वास कुठे आला की भूक लागते, आणि सोलापुरात तो कुठेच येत नाही.

घरात आम्ही मोजकीच माणसं. तात्या, म्हणजे माझे वडील, कमी बोलणारे, आणि जे बोलतील ते शेतीबद्दल. आई, जी तात्यांच्या वाटचंही बोलून टाकायची. पाळण्यात धाकटा भाऊ. आणि दिनाकाका, तात्यांचा पाठचा भाऊ, ज्याच्यामुळे आमच्या घराला घरपण होतं असं मला तेव्हाही वाटायचं आणि आताही वाटतं. काकाच्या पुढच्या दोन दातांत फट होती आणि त्या फटीतून तो अशी शिट्टी वाजवायचा की गोठ्यातली म्हैस कान टवकारायची. तो सतत वाजवायचा. वैरण तोडताना, दाढी करताना, विहिरीवर, देवळाकडे जाताना. काका गावात कुठे आहे हे विचारावं लागत नसे, कान दिला की कळायचं. आई चुलीपुढे भाकरी थापायची त्या थापटण्याच्या ठेक्यावर तो ओसरीतून शिट्टी धरायचा, आणि आई मुद्दाम ठेका चुकवायची. "भावजी, माजी भाकरी बिघडली तर तुमालाच वाढीन." "वाढा की वैनी. तुमची बिघडलेलीबी कडक भाकरी म्हणून खपंल." एवढ्यावर दोघं हसायची. पातळ थापून वाळवलेली ती कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर कच्च्या तेलाची धार, आणि चुलीतून ओढून काढलेला भाजका कांदा. ह्याहून चांगलं जेवण मी पुढे मोठमोठ्या लग्नांत जेवले असेन, पण मला आठवत नाही.

त्या वर्षी काकानं हंगामापुरतं सोलापूर गाठलं होतं, अक्कलकोट रोडला एका कारखान्यात मागावर. टॉवेल विणायचे. परत आला तो माळशिरसकडची सोयरीक जुळल्याची बातमी कळून, आणि पहिल्या पगाराची एक वस्तू घेऊन. तीन सेलची बॅटरी. टॉर्च म्हणायचं नाही, बॅटरी म्हणायचं. निकेलची, चकचकीत, लांबलचक. तिचा झोत देवळाच्या कळसाला लागायचा. रोज कुणी ना कुणी ती बघायला यायचं. तात्या तोंडानं काही म्हणत नसत, पण एकदा सगळ्यांची पाठ वळल्यावर त्यांनी ती लावून स्वतःच्या तळहाताच्या मागे धरली आणि लाल झालेली बोटं बराच वेळ बघत बसले. मी दाराआडून पाहिलं होतं. नवरीमुलगी सुमन, तिला काकानं एकदाच बघितलं होतं, चहाची बशी पुढे करताना. त्यावरून तो महिनाभर शिट्टीचा सूर बदलून होता.

लग्न आमच्या दारात व्हायचं ठरलं, आणि लग्नाची ज्वारी काढायला पेव उघडायचं ठरलं. पेव उघडायच्या पद्धती गावात बायका-पोरांनाही पाठ होत्या. फरशी सकाळी काढायची आणि पेवाला वारा पाजायचा, म्हणजे ते दिवसभर उघडं ठेवायचं. मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूस उतरायचा, विझला तर नाही. आणि उतरणाऱ्याच्या कमरेला दोर. कंदील सोडायचं काम आमच्या घरात आईकडे होतं, का ते ठाऊक नाही. तिच्या सासूकडून तिच्याकडे आलं होतं एवढं खरं.

त्या दिवशी गडबड होती. ज्वारी काढून, वाळवून, गिरणीत न्यायची होती, गाडी जुंपून तयार होती. पेवानं सकाळभरच वारा खाल्ला होता. आई कंदील आणायला आत वळली तर तात्याच म्हणाले, "कंदील कशाला आणती? बॅटरी हाय की."

आज मला त्यातली चूक कळते. पण त्या क्षणी ते सगळ्यांना इतकं शहाणपणाचं वाटलं. आईलासुद्धा. कंदिलाचा उजेड तो केवढा, आणि बॅटरीचा केवढा. शेजारचे दोघेजण दोर धरायला आले होते, तेही म्हणाले, "बरं हाय की, लख्ख दिसंल." बॅटरी लावून सुतळीनं आत सोडली. कधी नव्हे ते पेवाचं पोट आम्हाला सगळं दिसलं. कडेचा काळवंडलेला कडबा, मधली पिवळीधमक ज्वारी. मी पालथी पडून बघत होते. दिवा आत गेला, ज्वारीवर टेकला, आणि जळतच राहिला. तात्यांनी थोडा वेळ बघितलं आणि मान हलवली. "न्हाय इजत. उतर."

"दोर बांदल्याबिगर न्हाय," आई म्हणाली.

"वैनी, मी काय बैल हाय?"

"लगीन होस्तवर हायसा. आत्ता बांदा."

काका दोर बांधून, टोपली घेऊन, शिट्टी वाजवत उतरला. पेवात शिट्टी घुमली, रांजणात तोंड घालून बोलल्यावर घुमतं तशी. तोच नवा सूर, सुमनचा. टोपली ज्वारीत खुपसल्याचा खसकन आवाज आला. मग शिट्टी मध्येच मोडली, परत सुरू झाली, आणि थांबली.

आम्हा सगळ्यांच्या आधी ते आईला कळलं. ती म्हणाली, "भावजी, बोला की."

ती पेवाच्या तोंडाशी वाकली.

"थट्टा करतोय," तात्या म्हणाले. काकाचा लौकिकच तसा होता.

"भावजी, बोला की," आई परत म्हणाली, आणि हे म्हणतानाच तिनं दोराला हात घातला होता.

मी अजून पालथीच होते, त्यामुळे मी बघितलं. काका ज्वारीवर तोंड घालून पडला होता, एक हात टोपलीत. आणि शेजारी ती बॅटरी, स्वच्छ, जराही न थरथरता, त्याच्या पाठीवर उजेड टाकत होती. तात्यांनी वाकून बघितलं आणि पाय आत सोडले. आईनं त्यांचं धोतर मुठीत धरलं. आवाज न चढवता म्हणाली, "तुमी न्हाय उतरायचं. दोर वडा." तिनं तसं धरलं नसतं तर त्या दिवशी मला वडीलही राहिले नसते, हे मला पुढे पुष्कळ वर्षांनी समजलं. अशा खड्ड्यांत एकामागून दुसरा, दुसऱ्यामागून तिसरा जातो.

ढिलं पडलेलं माणूस त्या अरुंद तोंडातून काढणं सोपं नव्हतं. खांद्याशी अडकला. आईनं आत हात घालून त्याच्या शर्टाची कॉलर धरली, केस धरले, जे हाताला लागेल ते धरलं. बाहेर आला तेव्हा त्याचे ओठ जांभळ खाल्ल्यासारखे दिसत होते. लिंबाखाली आडवा केला. कुणी पाणी मारलं, कुणी तळपाय चोळले. आई सूप घेऊन त्याच्या तोंडावर वारा घालत होती, पाखडायचं तेच सूप, आणि सारखी तेच म्हणत होती, बोला की, बोला की. तिचा आवाज शेवटी नुसता घोगरा झाला. मग काकाच्या छातीतून दार करकरावं तसा एक श्वास आत गेला. खोकला आला. डोळे उघडले, इकडेतिकडे फिरले, आणि तो म्हणाला, "वैनी, बॅटरी राह्यली आत."

आई खाली बसली आणि रडली. त्यानंतर तिनं त्याला दोन शिव्या दिल्या, ज्या मी इथे लिहीत नाही.

काका संध्याकाळी उठून बसला, दुसऱ्या दिवशी जेवला. पण गोष्ट तिथे संपली नाही. बॅटरी आतच होती, गडबडीत तिची सुतळीही हातातून सुटून आत पडली होती, आणि सेल नवे होते. दिवेलागणीला अंगणातल्या त्या भोकातून उजेड येताना येणाऱ्याजाणाऱ्यांनी पाहिला. कुणी आत उतरायला धजेना, तेव्हा तो सेल संपेपर्यंत येत राहिला. झालं. पेवात काहीतरी हाय. जितं माणूस विझतं आणि आतला दिवा विझत नाही, म्हणजे तो साधा दिवा असेल का? काकाला बाधा झाली. ही ज्वारी लग्नाला वापरू नये. एका म्हाताऱ्यानं तर पेव बुजवून वर तुळस लावा असं सांगितलं. बातमी पायानं चालत नाही म्हणतात ते खरं, ती चार दिवसांत माळशिरसला पोचली. नवरीच्या वडिलांचा, अण्णांचा निरोप आला: पेवानं धरलेल्या माणसाला पोरगी द्यायला आमचं मन घेत नाही, रविवारी येऊन समक्ष बोलतो.

समक्ष बोलतो म्हणजे मोडतो, हे सगळ्यांना कळलं. काकानं शिट्टी वाजवायची बंद केली. घरात भाकरीचा ठेका तेवढा राहिला, आणि त्याला उत्तर नाही. मला ते फार लागलं. मरता मरता वाचलेला माणूस पुन्हा हळूहळू विझतोय असं वाटायचं. भाकरी थापता थापता आई एकदम मला म्हणाली, "तुज्या बाईस्नी इचार. ज्या हवेनं माणूस इजतं, तिनं बॅटरी का इजत न्हाय?"

बाई म्हणजे मोमीन बाई. सोलापूरच्या. घरी वडिलांचा भिंतींना चुना मारायचा धंदा, आणि त्यांच्या ह्या लेकीला आमच्या शाळेत विज्ञानाची नोकरी लागली होती. गावातच खोली घेऊन राहायच्या. बोलायच्या पुस्तकी मराठी, पण उत्साह चढला की घरची दख्खनी मधूनच डोकवायची. मी प्रश्न विचारला तेव्हा त्यांनी खडू खाली ठेवला. "कंदील श्वास घेतो," त्या म्हणाल्या. "तू घेतेस, काका घेतात. बॅटरी घेत नाही. तिला हवा असली काय, नसली काय." मग मला जवळ बोलावून विचारलं, "घरी तंबाखूचा चुना आहे का? रात्री पाण्यात कालवून ठेव. सकाळी वरची निवळी हलक्या हातानं ओतून घे. मी रविवारी येते. पपईचं झाड आहे ना तुमच्याकडे? हौ, मग झालं."

रविवारी अण्णा आले, पांढरी टोपी, पांढऱ्या मिश्या, चेहरा ठरवून आणलेला. आणि त्यांच्या मागोमाग, बोलावल्यासारख्या, मोमीन बाई. आईनं दोघांनाही चहा दिला आणि काय करायचं ते करा असं बाईंना नुसतं डोळ्यांनी सांगितलं. तात्या खांबाला टेकून उभे. काका कोपऱ्यात, नवरदेव असूनही पाहुण्यासारखा अंग चोरून बसलेला.

बाईंनी निवळीचं ताट दोरीनं पेवात सोडलं. सेल संपल्यावर पेवाचं तोंड परत झाकून टाकलं होतं, नुकती फरशी सरकवली होती. थोड्या वेळानं ताट वर घेतलं तर त्या नितळ पाण्यावर साय धरली होती, दुधावर धरते तशी पांढरी. गर्दी मागे सरली. अण्णा म्हणाले, "ह्येच म्हन्तोय मी. आत काय तरी हाय."

"आहे," बाई म्हणाल्या. "आता दुसरं बघा." त्यांनी पपईच्या पानाचा पोकळ देठ कापून घेतला, ग्लासात निवळी घेतली आणि आईच्या हातात दिली. "फुंका."

आई फुंकत राहिली. बुडबुडे आले, आणि बघता बघता पाणी दुधाळ झालं. आईनं ग्लास डोळ्यांसमोर धरला आणि उजेडाकडे करून फिरवून फिरवून बघितला.

"पेवात आहे तेच ह्यांच्या पोटात आहे," बाई म्हणाल्या. "कोळसा जळला की जी हवा होते, ती ही. आपण भाकरी खातो, ती आत मंद जळते. भाकरीतला कोळसा श्वासातून बाहेर येतो. आणि पेवातली ज्वारी मेलेली नाही. झोपलेली आहे, पण श्वास चालू आहे. एवढी ज्वारी, एवढ्याशा जागेत, तोंड बंद. तिनं सोडलेला श्वास आतच साठला. त्यात आपला श्वास चालत नाही, म्हणून हे पडले."

"म्हंजी पोटात चूल हाय," आई म्हणाली.

"हौ, चूलच."

अण्णा मात्र अण्णा होते. त्यांनी काकाकडे बोट केलं. "ह्यास्नी फुंकू द्या."

काका उठला. महिनाभर ज्यानं एका मुलीसाठी शिट्टीचा सूर बदलला होता, त्यानं त्या देठातून जीव ओतून फुंकायला सुरुवात केली. ग्लास दुधाळ झाला. सगळ्यांनी श्वास सोडला. बाई म्हणाल्या, पुरे. पण काका थांबेना. त्याला वाटत असावं, जितकं जास्त फुंकू तितकं लग्न पक्कं. तो फुंकतच राहिला, तोंड लाल झालं, आणि आमच्या डोळ्यांदेखत ते पांढरं पाणी फिकं व्हायला लागलं, आणखी फिकं झालं, आणि परत नितळ झालं.

अण्णांनी टोपी उचलून डोक्यावर नीट बसवली, निघायचा माणूस बसवतो तशी. मी आईचा पदर धरला होता आणि मला स्पष्ट आठवतं, माझ्या मनात आलं, ही लोकं म्हणतात तेच खरं असणार.

मोमीन बाईंनी नुसता दुसरा ग्लास भरला, नवा देठ घातला आणि तो अण्णांपुढे धरला. "आता तुम्ही. पण थांबायचं नाही. हे जेवढं फुंकले तेवढं फुंकायचं."

नाही म्हणायची सोय नव्हती. मुलीकडचे असले तरी पुरुष होते, आणि गाव बघत होतं. अण्णा फुंकू लागले. पाणी पांढरं झालं. अण्णांनी वर बघितलं, बाईंनी मान हलवली, अजून. अण्णांच्या मिश्या ओल्या झाल्या, टोपी मागे सरकली, मध्येच त्यांनी दम खाल्ला आणि परत लागले. काका शेजारी उकिडवा बसून, स्वतःचं लग्न पणाला लागलंय हे विसरून, सांगत होता, "नाकानं वडा, तोंडानं सोडा, अण्णा. नाकानं वडा." आणि पाणी हळूहळू फिकं होत होत नितळ झालं.

"श्वास जास्त झाला की धरलेला पांढरा चुना तोच परत विरघळवून टाकतो," बाई म्हणाल्या. "कुणाचाही श्वास घाला. तसंच होणार."

अण्णांनी ग्लास खाली ठेवला. धापा टाकत थोडा वेळ बसले. मग म्हणाले, "म्हंजी ह्यास्नी बाधा झाली आसंल, तर मलाबी झालीया." आणि आईकडे वळून, "वैनी, अजून चा हाय का?"

लग्न त्याच पेवातल्या ज्वारीवर झालं. सुमनकाकूनं पुढे मला सांगितलं की वडिलांना समक्ष जाऊन बघा, निरोपावर मोडू नका, असा हट्ट तिनंच धरला होता. चहाच्या बशीवरून तिनंही काही ठरवलं होतं तर.

पण त्या दिवशी कार्बन खरा अडकला तो तात्यांच्या मनात. बाई जाता जाता सांगून गेल्या होत्या की शेतातलं ज्वारीचं धाट उभं राहतं ते बहुतेक हवेतल्या कोळशावर. आपण सोडलेला श्वास पानं घेतात आणि उन्हाच्या जोरावर त्याचं धान्य करतात. तात्यांना हे पटेना. दोन दिवस ते धुसफुसत होते. "माती खाऊन वाढतंय पीक. हवा खाऊन कोण वाढतंय?" तिसऱ्या दिवशी शेतातून आले, पाय धुतले आणि पाणी प्यायच्या आधीच मला म्हणाले, "शकू, तुजी बाई बरूबर हाय. इतक्या पिढ्यांनी इतकी ज्वारी काढली. मातीच खाल्ली असती तर आपल्या वावराची विहीर झाली असती." असा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर बॅटरीच्या उजेडात बोटं बघताना पाहिला होता, आणि तेव्हा पाहिला. मला वाटतं मी विज्ञान घ्यायचं ठरवलं ते त्या संध्याकाळी. पुढे सोलापूरला कॉलेजात घालायची वेळ आली तेव्हा तात्यांनी एका शब्दानं आडकाठी केली नाही.

वर्गात मी कार्बन शिकवायचे तेव्हा पोरींना सांगायचे, ह्याला चार हात आहेत. कुणाचाही धरतो, आणि दुसरं कुणी नसलं तर आपल्याच जातभाईचा धरून लांबच लांब रांग करतो, फेर धरतो. इतर मूलद्रव्यं चांगली आहेत, पण कुणी आखडू, कुणी एकदा धरलं की सोडतच नाही. हा धरतो पक्का आणि वेळ आली की सोडतोही. म्हणून त्याच्यापासून ज्वारी होते, लोणी होतं, सुती धागा होतो, माणूस होतो. आणि माणूस, ज्वारी, माती, हवा असा तो फिरत राहतो, एका ठिकाणी मुक्काम करत नाही. लग्नघरात असं एक माणूस लागतंच, ज्याचं सगळ्यांशी जमतं. आमच्याकडे तो काका होता. हे मी वर्गात सांगत नसे, पण शिकवताना डोळ्यांसमोर तोच असायचा. नातीच्या चित्राबद्दल मी एवढंच म्हणेन की राक्षस काढायचाच तर तोंड लिंपलेलं पेव काढावं आणि ते लिंपणारे हात काढावेत. ह्या वर्षीचा सोलापूरचा उन्हाळा बघता पृथ्वीच्या पेवाचं तोंड आपण बरंच लिंपत आणलंय, ते मलाही कळतं. त्यात कार्बनचा काय दोष?

काका-काकू पुढे सोलापुरातच स्थायिक झाले. त्यांच्या घरात एक रीत पडली, जी दुसऱ्या कुठल्या घरात मी पाहिली नाही. काका दिसेनासा झाला, न्हाणीत गेला, गच्चीवर गेला, पाण्याची टाकी बघायला वाकला, की काकू आतूनच हाक मारायची, "बोला की." आईचं वाक्य तिनं उचललं होतं. आणि काका असेल तिथून शिट्टी द्यायचा. भांडण झालं असलं तरी द्यायचा. आता त्याचे दात गेले, शिट्टी गेली, तर काठी आपटतो.

मागच्या थंडीत त्याच्या छातीत कफ भरला आणि दवाखान्यात अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. मी आणि काकू दुपारी काचेबाहेर बसलो होतो. नर्स भली होती. म्हणाली, "आजी, काळजी करू नका. तो पडदा बघा, हिरवा दिवा लागलाय ना, आकडे दिसतायत ना, म्हणजे सगळं व्यवस्थित आहे." मीही म्हटलं, "काकू, बघ, व्यवस्थित आहे." मी विज्ञानाची बाई, मला त्या आकड्यांचा अर्थ कळत होता आणि ते खरंच चांगले होते.

काकूनं त्या हिरव्या दिव्याकडे बघितलं. "ती बॅटरी हाय," ती म्हणाली. "तिला काय कळतंय?"

आणि उठली. नर्स अडवायला पुढे झाली, पण काकूच्या चेहऱ्याकडे बघून बाजूला सरली. काकू खाटेपाशी गेली, वाकली, आणि स्वयंपाकघरातून मारायची तशाच साध्या आवाजात म्हणाली, "बोला की."

काकाचे डोळे मिटलेले होते. मास्क आतून धुरकट झाला, निवळला, परत धुरकट झाला. मग त्या मास्कच्या आत त्याचे ओठ गोळा झाले. आवाज काही आला नाही, दात नाहीत, येणार कुठून. नुसती हवा आली, दोनदा, तीनदा, ठेक्यात. काकू सरळ झाली, पदरानं तोंड पुसलं आणि काचेतून माझ्याकडे बघून तिनं मान हलवली, की हाय.